न वाजणारी मॅट

३ फेब्रुवारी, मंगळवार

फोन आला! स्टुडिओतून! खुद्द कानसेनांचा!

आमची लेक भुंगा नुकतीच झोपली होती म्हणून फोन घेऊन न्हाणीघरात पळाले, दार लावलं आणि उलट्या बादलीवर बसून बोलले. "मोकळ्या आहात का?" — बस, एवढंच. ना नमस्कार ना चमत्कार. माझ्या बाळंतपणानंतर हा माणूस पहिल्यांदा बोलतोय, तर बाळ कसं आहे नाही, तुम्ही कशा आहात नाही! म्हटलं, "आहे ना, मोकळीच आहे." खांद्यावर दुधाची उलटी, हातात ओलं दुपटं, केसांत चुरगळलेलं केळं. मोकळीच!

चित्रपट छोटा आहे, घरगुती. आई, बाप, चालायला शिकणारं मूल आणि करकरत्या बुटांचा घरमालक. सगळ्यांची पावलं माझी. मी नव्हते तेवढ्यात त्यांनी दुसऱ्या एका मुलीला घेऊन पाहिलं म्हणे. "तिच्या पावलांना वजन नाही," म्हणाले. कानसेन याहून जास्त स्तुती करत नाहीत — माझी, म्हणजे.

फोन ठेवला आणि तिथंच नाचले. अनवाणी, ओल्या फरशीवर. चप् चप् चप्. आवाज मस्त येत होता!

४ फेब्रुवारी, बुधवार

वरच्या मजल्यावरची शिक्षिका जिन्यात भेटली. बातमी सांगितली तर म्हणाली, "पण तू नक्की करतेस काय गं? नाचतेस का?" दरवेळी हेच! परत सांगितलं. पडद्यावर माणूस चालतो ना, त्याच्या पावलांचा आवाज शूटिंगच्या वेळी धड येत नाही. मग मी स्टुडिओत पडद्यासमोर उभी राहते आणि त्याच्यासारखी चालते. वाळूवर, खडीवर, लाकडावर. तसलेच बूट घालून. त्यानं कप ठेवला की मी कप ठेवते, त्यानं दार लोटलं की मी दार लोटते. आणि काचेपलीकडे बसून ते सगळं टिपणारे ते कानसेन — ही पदवी मीच दिलेली. खालच्या रस्त्यावरच्या गाडीचा हॉर्न ऐकून काम थांबवणारा माणूस, दुसरं काय म्हणणार?

"म्हणजे सिनेमात हिरो चालतो ते तू?" होय बाई, हिरो मी. व्हिलनही मीच. ती माझ्या पायांकडे बघतच राहिली. मलाही उगीच जरा ऐटीत जिना उतरावासा वाटला. उतरले.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आनंदात एक गोष्ट विसरलेच होते. सासूबाई पुढच्या आठवड्यात नणंदेकडे जाणार. तिचे दिवस भरत आलेत. मग भुंग्याला सांभाळणार कोण?

पाळणाघरात विचारलं. "उन्हाळ्यात बघू," म्हणाल्या. नवरा दिवसभर चष्म्याच्या दुकानात. सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं. "मी नाही जात. तिला तिची सासू आहे की." मी म्हटलं, "आई, तुम्ही गेला नाहीत तर ती आयुष्यभर माझ्या नावानं बोटं मोडेल. तुम्ही जा." बोलून तर बसले. आता?

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सुचलं! आणि सुचलं तेही भांडी आवरताना.

आमची भुंगा दिवसभर गुणगुणत असते, म्हणून तर भुंगा. झोपेतसुद्धा हूं हूं चालू. पण मी तिच्यासमोर वेगवेगळ्या माणसांसारखी चालायला लागले की ती गप्प. पार गप्प! तोंड उघडं, डोळे माझ्या पायांवर. सकाळी नवऱ्याला करून दाखवलं. त्याचे बूट घातले आणि स्वयंपाकघरात त्याच्यासारखी चालले — टाच आधी, मग जरा फरफट. भुंग्याचं गुणगुणणं बंद! माझ्या पायांवरून नजर हलेना. नवरा म्हणाला, "मी असा चालतो?" असाच चालतोस रे. जिन्याच्या पहिल्या पायरीवर ओळखू येतोस.

म्हणजे मी कामात असले की ती गप्प बसणार. कानसेनांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तिचं तोंड गप्प राहील हो. बाकीचं?" म्हटलं, बाकीचं काय? "बूड, गुडघे, हात. मूल हलतं. ज्यावर बसवाल ते वाजतं. तिला अशा कशावर तरी बसवा, जे वाजणार नाही. कंट्रोल रूममध्ये जागा नाही, सगळीकडे वायरी आहेत." आणि मग, जरा हळू — "एक टेक जरी तिच्यामुळे गेला तर मला त्या दुसऱ्या मुलीला बोलवावं लागेल, पाऊलबाई. वाईट वाटून घेऊ नका."

नाही वाटलं. खरं म्हणजे वाटलं. पण पाऊलबाई म्हणाले! किती महिन्यांनी ऐकलं ते.

तर आता मॅट हवी. मुलांना खेळायला टाकतात तसली. उचलून नेता येईल अशी आणि मुकी.

७ फेब्रुवारी, शनिवार

खेळण्यांच्या दुकानात तिघं गेलो. तिथं एक अख्खी भिंत मॅटची! नवरा खूश. तो दिवसभर काचा घासतो, त्याला जग डोळ्यांनी दिसतं. "ही बघ, काळी-पांढरी. बाळाच्या नजरेला उत्तम. ही धुता येते. ही हलकी आहे." फोनवर वाचून आला होता, दुकानदाराला शिकवत होता.

मी मॅट कानाला लावत होते.

दुकानदार भला माणूस. कमरेला किल्ल्यांचा हा जुडगा! म्हटलं, "जरा किल्ल्या धरता का हाताने?" धरल्या. "पंखा बंद कराल?" केला. मग मी घडीच्या मॅटवर कान ठेवून तिची घडी हळूच उघडली. क्रीईक! प्रत्येक घडीला कुरकुर. नापास. दुकानदारानं नवऱ्याकडे असं पाहिलं, की यांना काही होतंय का. नवरा म्हणाला, "तिचं कामच ते आहे." त्यामुळे तो आणखीच गोंधळला.

आणि मग पिवळी. मोठं बदक आहे तिच्यावर. आत कसलासा कागद भरलाय — हात ठेवला की चुर्र, गुडघा ठेवला की चुर्रचुर्रचुर्र! भुंग्याला वर ठेवलं मात्र, ती थबकली. परत हात आपटला. चुर्र! आणि हसायला लागली. अशी हसली, अशी हसली, की उचकी लागली! दुकानातल्या दुसऱ्या दोन बायका येऊन बघायला लागल्या. भुंगा हात आपटून माझ्याकडे बघायची — ऐकलंस का? मी ऐकलं? बाई गं, तीच तर पंचाईत!

उचलून घेतली तर आकांत. पाठीची कमान केली, बदकाकडे हात पसरले. सगळं दुकान डोक्यावर घेतलं. दुकानदार म्हणाला, "तिची निवड झालीये हो ताई." ठाऊक आहे हो दादा.

शेवटी फोमच्या तुकड्यांची घेतली, एकमेकांत अडकवून जोडायची. काळी-पांढरी, म्हणजे नवराही खूश. प्रत्येक तुकडा वाजवून पाहिला. एकही वाजला नाही. घरी येईपर्यंत भुंगा रुसलेली होती. इतकीशी असून रुसता येतं त्यांना!

८ फेब्रुवारी, रविवार

घरी चाचणी. मॅट जोडली, खिडक्या लावल्या, फ्रीजसुद्धा बंद केला. नवऱ्याला म्हटलं, रांग. मी डोळे मिटून ऐकते.

तो रांगला बिचारा. पण त्याच्या गुडघ्यांचाच एवढा कटकट आवाज, की दुसरं काही ऐकूच येईना! "तू रांगू नकोस, फक्त लोळ," म्हटलं. लोळला. तेवढ्यात सासूबाई आत आल्या. पोरगा जमिनीवर लोळतोय, सून भिंतीला टेकून डोळे मिटून उभी. दार ओढून घेतलं त्यांनी. मग बाहेरून, "आमच्या वेळी दुपट्यावर टाकलं की झालं!"

हसून हसून पुरेवाट झाली. मॅट पास.

१० फेब्रुवारी, मंगळवार

मॅट नापास. मीही.

सासूबाई उद्या निघणार, त्यांची बांधाबांध चाललेली, म्हणून आजपासूनच भुंग्याला नेलं. दिवसाची सुरुवात इतकी छान झाली होती! स्टुडिओच्या दारातच तो वास — जुनं लाकूड, चामडं, ओली वाळू. बुटांचं कपाट तसंच, खालच्या फळीवर माझ्या लाल टाचांच्या चपला तशाच. मी त्यांच्यावरून हात फिरवला. कोपऱ्यात, कपाटाच्या पुढ्यात मॅट अंथरली, तिच्यापुढे लगेच लाकडी फळ्या. भुंगा बसली. पडद्यावर आई स्वयंपाकघरात चालायला लागली, मी लाल टाचा चढवल्या आणि निघाले. पाय विसरले नव्हते! भुंगा गप्प, तोंड उघडं. सगळं ठरल्यासारखं.

आणि स्पीकरमधून — "थांबा. उंदीर आहे का?"

उंदीर कुठला! भुंगा जराशी वाकली होती, आणि दोन तुकडे एकमेकांना घासले होते. च्युक्. परत वाकली, च्युक्. मी एकेक तुकडा वाजवून पाहिला होता ना? सुटा! जोडून कान लावलाच नव्हता, आणि घरी नवऱ्याच्या गुडघ्यांनी आणि आमच्या हसण्यानं सगळं झाकलं. पावलांच्या आवाजावर जगणारी बाई मी, आणि हे असं! तोंडात मारल्यासारखी उभी राहिले.

कानसेन बाहेर आले. मला वाटलं, संपलं. ते मॅटपाशी उकिडवे बसले, बोटानं एक सांधा दाबला. च्युक्. भुंग्यानं त्यांच्या बोटाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. ते म्हणाले, "आवाज मुलीचा नाही, मॅटचा आहे. टेक मॅटमुळे गेला." आणि उठता उठता, "मॅट बदला. शुक्रवारी या. त्यानंतर मात्र मी थांबू शकत नाही."

जीव भांड्यात पडला. अर्धाच.

११ फेब्रुवारी, बुधवार

सासूबाई गेल्या. जाताना भुंग्याचे इतके मुके घेतले की तिचा गाल लाल झाला. मला म्हणाल्या, "मॅट मिळेल गं. आणि नाही मिळाली तर मला फोन कर, मी निघून येते." नाही करणार. पण बरं वाटलं.

त्यांना गाडीत बसवलं आणि तिथूनच दुकानात. दुकानदारानं मला पाहिलं आणि स्वतःहून किल्ल्या काढून गल्ल्यात ठेवल्या! पंखा बंद केला! म्हणाला, "शनिवारपासून डोक्यात तेच आहे हो ताई. प्रत्येक मॅट वाजवून पाहिली. सगळ्या वाजतात! आधी कधी लक्षातच आलं नव्हतं. बायको म्हणते, तुम्हाला काय झालंय." मग माळ्यावर चढला. बराच वेळ वरून नुसत्या शिंका ऐकू येत होत्या. खाली आला तो एक करडी गुंडाळी घेऊन. वर जाड सुती कापड, आत लोकरीचा थर, खाली रबर. खांद्याला अडकवायला पट्टा. चित्र नाही, बदक नाही, काही नाही. "पडून आहे केव्हाची. कोणी घेत नाही. पोरं बघतसुद्धा नाहीत हिच्याकडे."

अंथरली. तळवा आपटला. काही नाही. नख ओढलं. काही नाही. मग त्यानं गल्ल्यातून तो जुडगा काढला, रबरबँडनं घट्ट बांधला आणि उंचावरून मॅटवर सोडला. आम्ही दोघं कान टवकारून उभे! आणि... काही नाही. नुसत्या किल्ल्या पडलेल्या दिसल्या. आम्ही दोघं खो खो हसलो. त्यानं परत टाकून पाहिला. आणखी एकदा. मोठ्या माणसाला एवढ्यात एवढा आनंद!

भुंगा मात्र माझ्या कडेवरून मागं वळून पिवळीकडे बघत होती. हात पुढं. बदक ओळखलं तिनं. करडीवर ठेवली तर तिनं हात आपटला, वाट पाहिली. परत आपटला. माझ्याकडे पाहिलं. खालचा ओठ पुढं आला.

पण घेतली करडीच. काय करणार, राणी? तुझ्या आईला काम हवंय. नुसतं पैशासाठी नाही, मला ते हवंय. तिला रस्त्यात सांगितलं हे सगळं. तिनं माझं नाक धरलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

पास! पास! पास!

दिवसभरात एकही टेक तिच्यामुळे गेला नाही. एक कानसेनांच्याच खुर्चीमुळे गेला! मी नुसतं काचेतून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी खुर्ची बदलली.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज घरमालकाचे बूट. कपाटातला एकही जोड पुरेसा करकरेना. शेवटी एका बुटाच्या तळव्यात जुन्या पाकिटाचं चामडं कोंबलं, जरा ओलं केलं. करर्र, करर्र! असा खाष्ट आवाज, की मी चालता चालता स्वतःच नाक वर करून चालायला लागले. भुंगा बघता बघता मॅटवर आडवी झाली आणि तशीच झोपली. घरमालक भाडं मागतोय, दार बडवतोय, आणि ही शांत झोपलीये.

टेक झाल्यावर कानसेन स्पीकरवरून कुजबुजले, "उठली का?" कुजबुजायची काय गरज होती! स्पीकर आहे तो!

१८ फेब्रुवारी, बुधवार

नणंदेला मुलगा झाला. फोनवर सासूबाईंचा आवाज नुसता उड्या मारत होता. मागं तो रडत होता — काय खणखणीत! कानसेनांना पाठवायला हवं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मुद्देमालासकट पकडलं! मी बूट बदलायला खाली वाकले होते. मान वर केली तर कानसेन काचेला नाक चपटं करून, डोळे तिरळे करून भुंग्याला वेडावत होते! माझी नजर पडताच लगेच बटणांकडे बघायला लागले. विचारलं, "काय चाललंय साहेब?" — "काच पुसत होतो." नाकानं!

भुंगा हल्ली बुटांच्या कपाटाला धरून उभी राहते. आधी एक हात, मग दुसरा, मग बूड वर. मॅटवर उभी राहते आणि बसते, उभी राहते आणि बसते. आवाज शून्य. मी पाठमोरी असले तर कळतही नाही. एकदा वळून पाहिलं तर माझी लाल चप्पल तिच्या तोंडात! केव्हा काढली, कशी काढली, काही कळलं नाही. मॅट खरंच गुणी आहे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

अडलो. चित्रपटातलं मूल पहिल्यांदा चालतं तो प्रसंग. दाराच्या चौकटीपासून आईपर्यंत. अनवाणी, लाकडी जमिनीवर.

मुलाची पावलं पायांनी होत नाहीत, तळव्यांनी करावी लागतात. गुडघ्यांवर बसून हात फळीवर टाकायचे — थप्, थप्. हे मी कितीदा केलंय! पण आज कानसेनांना एकही पसंत पडेना. "हे मूल चालत नाहीये. तुम्ही चालताय." परत. "फार ठाम आहे." परत. "आता घाबरलंय. मूल घाबरत नाही, त्याला पडायचं माहीतच नसतं." हात लालभडक झाले. "उद्या-परवा करू," म्हणाले. चिडले मी. चालत घरी आले, भुंगा कडेवर, करडी खांद्यावर, आणि वाटभर मनातल्या मनात त्यांच्याशी भांडले. भांडणात मीच जिंकले.

नवऱ्यानं हाताला तेल चोळून दिलं. म्हणाला, "ती चालायला लागेल तेव्हा नीट बघून घे, मग जमेल." म्हटलं, बघून काय होणार, ऐकावं लागेल!

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

नीट लिहिते.

तोच प्रसंग. मी फळ्यांवर गुडघे टेकून बसलेली, तोंड पडद्याकडे, पाठ भुंग्याकडे. ती मागं मॅटवर, कपाटाला धरून उभी. पडद्यावर मुलानं चौकट सोडली. मी हात उचलला. थप्. थांबले. थप्...

आणि मागून — थप्.

ते माझं नव्हतं. माझे दोन्ही हात हवेत होते.

थप्. थप्. हलकी, जरा ओली, टाच न टेकलेली. मी आयुष्यभर पावलं ओळखत आलेय, नवऱ्याची, सासूबाईंची, पोस्टमनची. ही पावलं मी कधीच ऐकली नव्हती आणि तरी मला कळलं कोणाची. टेक चालू आहे, हलायचं नाही, श्वासही नाही! पण हलले. वळले. भुंगा फळीवर उभी! कशाला न धरता! दोन्ही हात वर, तोंड उघडं, आणि डोळे माझ्या हातांवर, की आता पुढचं वाजव! मग धप्पकन बसली. आणि गुणगुणायला लागली.

टेक गेला. माझ्या मनात पहिलं हेच आलं, लाज वाटते लिहायला. पण आलं. काचेकडे पाहिलं. कानसेन हलत नव्हते. मी तिला पोटाशी घट्ट धरून बसले आणि म्हटलं, जाऊ दे गेलं तर! जाऊ दे काम!

मग स्पीकर खरखरला. "टेक ओके."

आणि त्यांनी नाक शिंकरलं. माइक चालू ठेवून! कानसेनांनी!

नंतर बाहेर आले, म्हणाले, "पाऊलबाई, तुमची परवानगी असेल तर हीच ठेवतो. तुमचे हात काढून टाकतो." म्हटलं, काढा साहेब, खुशाल काढा. इतक्या आनंदानं मी कधी नापास झाले नव्हते.

२८ फेब्रुवारी, शनिवार

काल नवऱ्याला सांगितलं तर तो आधी ओरडला, मग नाचला, मग मटकन खाली बसला. "मी नव्हतो बघायला." म्हटलं, "मीही नाही बघितलं रे. ऐकलं." कानसेनांनी तो तुकडा फोनवर पाठवलाय. त्याला ऐकवला. डोळ्यांवर जगणारा माझा नवरा चष्मा काढून, डोळे मिटून ऐकत बसला. परत लाव म्हणाला. परत. परत. "तीनच?" म्हणाला. "कपाटापासून फळीपर्यंत अख्खी मॅट आहे ना मध्ये? मॅटवर किती टाकली?"

मला माहीत नाही.

आज सकाळी मुद्दाम स्टुडिओत गेले. कानसेनांना म्हटलं, त्याच्या आधीचं ऐकवा. त्यांनी आवाज वाढवला. आणखी वाढवला. पार शेवटापर्यंत. माझा श्वास ऐकू आला, लांबच्या दिव्याची गुणगुण ऐकू आली, तिच्या झबल्याची सळसळ ऐकू आली. पाऊल एकही नाही. ती कपाट सोडून निघाली, अख्खी मॅट चालून आली, आणि कोणालाच कळलं नाही. ते आवाजाच्या मीटरकडे बघत होते, मी पडद्याकडे.

कानसेन हळूच म्हणाले, "मॅट चांगली आहे."

घरी येऊन रडले. जरासंच. एवढी हुशारी करून, पंखे बंद करून, किल्ल्या टाकून मी मॅट निवडली, आणि माझ्याच पोरीची पहिली पावलं तिनं माझ्यापासून लपवली! भुंगा शेजारी बसून माझ्या गालावर थापट्या मारत होती. मी रडतेय हेही तिला खेळच वाटला. मग मलाही हसू आलं.

पण आता एक नक्की. घरात तरी...

१ मार्च, रविवार

करडी गुंडाळून नणंदेच्या बाळाला पाठवून दिली. झोपेल सुखानं. स्टुडिओत मॅट नको, कानसेन म्हणाले. फळीवरच बसू दे, सिनेमातल्या घरातही मूल आहेच, पोरगी काय वाजायची ती वाजू दे.

मग दुकानात. दुकानदारानं लगबगीनं किल्ल्या काढल्या, पंख्याकडे धावला. म्हटलं, "राहू द्या दादा, पंखा चालू राहू द्या. ती बदकाची आहे ना, पिवळी? ती द्या. आणि तिच्याहून जास्त वाजणारी असेल, तर तीही दाखवा."